कागदावर राहून गेलेली पायरी

आजच्या सभेच्या अध्यक्ष, म्हणजे ज्यांच्या शाळेतल्या मुलांनी आमची निम्मी खेळणी मोडून ती कुठं कच्ची आहेत हे दाखवून दिलं त्या मुख्याध्यापिका बाई. व्यासपीठावरचे आमचे मालक. दुसऱ्या रांगेत बसलेले छापखानेवाले काका. पॅकिंगच्या माझ्या सगळ्या जणी. आणि गाडी लावून आत्ताच आत आलेले ड्रायव्हरभाऊ, सगळ्यांना माझा नमस्कार.

माझ्याविषयी आत्ता जे बोललं गेलं ते ऐकताना मी दोनदा मागं वळून पाहिलं, की या थोर बाई बसल्यात तरी कुठं? निरोपाच्या दिवशी माणूस फार गुणी होतो. उद्या सकाळी मी पुन्हा पहिल्यासारखी होईन, काळजी नसावी.

अध्यक्ष बाईंना माझं काम ठाऊक नसेल म्हणून सांगते. हजेरीपटावर माझं पद ‘वाचक’ असं लिहिलंय. कारखान्यात मला ‘अडाणी बाई’ म्हणतात, आणि तेच खरं पद आहे. इथं मुलांसाठी विज्ञानाच्या खेळण्यांचे डबे तयार होतात. तारा, चुंबकं, भिंगं, पुठ्ठे, आणि सोबत एक कागद: अमुक करा, मग तमुक करा. ते कागद आमचे हे लिहायचे. एकोणीस वर्षांपूर्वी मी यांचा जेवणाचा डबा घेऊन आले, तर हे मालकांना म्हणाले, “हिला बसवू या. हिला कागद वाचून जमलं तर पोरांना जमेल.”

मला राग आला. सातवीत शाळा सुटली म्हणून काय झालं? घरी गेल्यावर म्हटलं, “म्हणजे मी बिनडोक, असंच ना?”

“छे गं,” हे म्हणाले. “बाकीचे न समजता मान हलवतात. तू नाही हलवत.”

लग्नानंतरचं एवढं एकच कौतुक माझ्या लक्षात आहे. बाकीची केली असतील, पण इतक्या स्पष्ट शब्दांत नाही.

तेव्हापासून नवा डबा आला की मी टेबलाशी बसायची. खोलीत कुणी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. हे समोर बसत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. न जाणो, बोट आपोआप पुढं येईल. मी अडले की यांचा चेहरा कसनुसा व्हायचा, पण हात निघायचे नाहीत. जमलं की कागदाच्या तळाशी मी ‘जमलं’ असं लिहायचं, आणि मगच कागद काकांच्या छापखान्यात जायचा. नाही जमलं तर हे कागद फाडून नवा लिहायचे. दुर्बिणीचा कागद अकरा वेळा फाटला. अकराव्यांदा हे म्हणाले, “आता तूच बदल, कागद नाही बदलणार.” पण बदलला बरं का.

मी बदललेही. अडायचं म्हणजे लाज वाटायची, म्हणून वाचनालयातून पुस्तकं आणून गुपचूप वाचू लागले. आधी मुलांची, मग मोठ्यांची. वाचून वाचून माझं अडाणीपण झिजत गेलं. पदासाठी हे वाईटच. आता ती खुर्ची ड्रायव्हरभाऊंकडे जाते आहे. ‘विज्ञानात मी तीनदा नापास’ असं ते छातीठोकपणे सांगतात. त्यांनी पुस्तकांपासून लांब राहावं, एवढीच विनंती.

इथपर्यंतचं सगळ्यांना ठाऊक आहे. यापुढचं मालकांनाही ठाऊक नाही. आज ते सांगितल्याशिवाय मला इथून निघता येणार नाही.

हे गेले त्याला सव्वादोन वर्षं झाली. फिरत्या मोटरचा डबा हे यांचं शेवटचं काम. वहीत पायऱ्या लिहून झाल्या होत्या. नेहमीप्रमाणे मी वहीवरून स्वच्छ नक्कल केली आणि एकटीच टेबलाशी बसले. समोरची खुर्ची कुणी हलवली नव्हती, मीही हलवू नका म्हटलं होतं. तारेचं वेटोळं केलं, आधारांवर ठेवलं, खाली चुंबक, बॅटरी जोडली, आणि मोटर भिरभिर फिरली. मी ‘जमलं’ लिहिलं. पॅकिंगच्या सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्याच रडल्या. कागद छापून आला, डबे गेले.

चार महिन्यांनी पत्रं येऊ लागली. मोटर फिरत नाही. एका मुलीनं लिहिलं होतं: ‘मी चार वेळा केली. दादा म्हणतो तुला अक्कल नाही. सोबत दिलेल्या पॉलिश पेपरचं काय करायचं ते लिहिलेलं नाही, म्हणून मी त्यानं पेन्सिलीला टोक केलं.’

हे पत्र पॅकिंगच्या थोरल्या ताईंनी मोठ्यानं वाचलं आणि आम्ही सगळ्या हसलो. मग ताई म्हणाल्या, “पण बाई, तो तुकडा असतो कशासाठी?”

“तार खरवडायला. तारेवर वार्निश असतं, ते नाही काढलं तर वीज आत शिरणार कुठून?”

“आणि हे लिहिलंय कुठं?”

“लिहिलंय की. पाचवी पायरी.”

ताईंनी कागद माझ्यापुढं धरला. पाचवी पायरी होती, वेटोळं आधारांवर ठेवा. चौथी होती, टोकं सरळ करा. खरवडा म्हणून कुठंच नव्हतं. मग मी कशी खरवडली? मला आठवेना. घरी जेवणाच्या टेबलावर यांना तार खरवडताना मी इतकी वर्षं पाहिलं होतं की माझ्या हातांनी मला न विचारताच ते करून टाकलं. जिनं न कळलेलं कळलं म्हणायचं नाही, एवढ्यासाठीच पगार घेतला, तिनं कागदावर नसलेलं वाचलं.

मालक धावत आले. पत्र पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाले, “त्यांचा कागद कधी चुकत नसे. छपाईत ओळ गळली असणार.” मालकांनी ते मायेपोटी म्हटलं, हे मला तेव्हाही कळलं. मी दिलेली नक्कल छपाईनंतर रद्दीत गेली होती. काकांना बोलावलं. काका म्हणाले, “गळली असेल बाई, माझंच लक्ष गेलं असेल.” नवा कागद निघाला. मुलांना पत्रं गेली, छापखान्याची चूक झाली म्हणून. ती पत्रं मी माझ्या हातानं लिहिली.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी यांची वही उघडली. देवा, ओळ असू दे, असं म्हणतच उघडली. माझ्या नकलेत राहिली असती तरी चाललं असतं. नव्हती. यांनीच लिहिली नव्हती. जे हात रोज करतात ते सांगायचं राहून जातं. दुसऱ्यांना हे ज्यावरून रागवायचे, नेमकं तेच.

मी गप्प बसले. का बसले? ‘त्यांचा कागद कधी चुकत नसे.’ लोक भेटायला येऊन हेच वाक्य म्हणायचे, आणि ते गेल्यावर मी ते वाक्य पांघरून बसायचे. एवढंच होतं माझ्याजवळ. वहीत चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मध्ये बोटभर जागा आहे. यांचं पेन माझ्याकडंच आहे, शाई तीच आहे. अक्षरही मला इतकं येतं की यांनीही ओळखलं नसतं. दोनदा टोपण काढलं. दोन्ही वेळा लावून ठेवलं.

मागच्या महिन्यात आजच्या सभेची निमंत्रणपत्रिका छापायला काकांकडं गेले. काका माझ्या चार ओळींच्या पत्रिकेवर पट्टी ठेवून एकेक ओळ बोटानं ताडून पाहत होते. तीनदा पाहिलं. म्हटलं, “काका, चारच ओळी आहेत हो.”

“असू दे बाई. तेव्हा मुलांचा डबा फसला माझ्यामुळं. नजर गेली माझी. पुढच्या महिन्यापासून हे काम पुतण्याकडं देतोय.”

मी पत्रिका घेऊन घरी आले.

काका, हात हलवून ‘राहू दे’ म्हणू नका. राहू देऊन दोन वर्षं होत आली. तुमच्या हातून ओळ गळली नव्हती. ती तुमच्याकडं आलीच नव्हती. तुमची नजर चांगली आहे; पत्रिकेत माझ्या वयाचा आकडा मी चुकवला होता तो तुम्हीच पकडलात. वय मी कमी सांगितलं होतं.

मालक, आपण रागवाल तर रागवा. त्या सगळ्या मुलांना मी काल नवी पत्रं लिहिली आहेत. मुलं आता मोठी झाली असतील, त्यांना आठवतही नसेल. तरी गेली पाहिजेत. त्यात लिहिलंय: चूक तुझी नव्हती, छापखान्याचीही नव्हती. ज्यांनी हा खेळ बनवला त्यांची एक पायरी लिहायची राहिली, आणि ज्या बाईंनी तपासला त्यांना ती दिसली नाही. दोघंही मन लावून काम करत, तरी राहिली.

हे लिहिताना वाटलं होतं, यांना मी लहान करते आहे. लिहून झाल्यावर तसं वाटलं नाही. न चुकणाऱ्या माणसाबरोबर माझा संसार झालाच नव्हता. अकरा वेळा कागद फाडणाऱ्याबरोबर झाला. ते मला परत मिळाले.

आज तुम्ही मला निरोप दिलात, फुलं दिलीत, चांगलं बोललात. त्याबद्दल मनापासून आभार. अशा वेळी बोलणारा शेवटी म्हणतो, काही चुकलं असल्यास क्षमा करा, आणि चुकलेलं काही नसतं. माझं चुकलंय, आणि ज्यांच्याकडं क्षमा मागायची ते दुसऱ्या रांगेत बसलेत. म्हणून ही वही मी कारखान्याला देण्याआधी काकांच्या हातात देते. पान बावीस, काका. चष्मा लावा. चारनंतर पाच आहे, आणि मधली जागा मी कोरीच ठेवली आहे.