तीन ओळींचा पुकारा

सावित्रम्मा : कागद तरी देऊ की त्यांच्या हातात, मॅडम. मंचावर नुसतं उभं करायचं म्हणजे लई होतंय.

बुद्धप्रिया : नको काकू. कागद दिला की काका अक्षरं लावत बसतात आणि तिथेच अडकतात. तोंडपाठ आहे, तोंडातूनच येऊ दे.

सावित्रम्मा : तुमचं बरं हाय. तुमी बोलायला शिकवणार, हात धुऊन घरी जाणार. मला ह्या माणसाला परत घरी न्यायचं हाय.

बुद्धप्रिया : आज मी शिकवायला नाही आले. रविवार आहे माझा. ह्या हायकू संमेलनात माझाही हायकू झाला मघाशी, ऐकलात ना?

सावित्रम्मा : ते सायकलचं?

बुद्धप्रिया : हो.
उन्हात सायकल.
बाबा गेले.
सीट गरम.

सावित्रम्मा : सायकल उन्हात ठेवली तर सीट गरम होणारच की. सोलापुरात तर भाजून निघतंय माणूस.

बुद्धप्रिया : बाबा रोज त्याच सायकलवरनं रेल्वेत कामाला जायचे. ते गेले त्या दिवशी दुपारी मी सायकल आत घ्यायला गेले. सीटवर हात ठेवला तर वाटलं, आत्ताच उतरलेत.

सावित्रम्मा : अय्यो. असं हाय व्हय. मग ते सांगायचं की त्यात.

बुद्धप्रिया : सांगितलं तर हायकू कसला? तीन ओळी द्यायच्या. बाकीचं ऐकणाऱ्यानं आपल्या घरून आणायचं.

सिद्धाप्पा : पा...

सावित्रम्मा : पाणी? थांबा, बाटली काढते.

सिद्धाप्पा : न्हाय. पा...

सावित्रम्मा : पाय? पाय अवघडला व्हय? मी म्हटलंच हुतं, ह्या लोखंडी खुर्च्या...

बुद्धप्रिया : काकू.

सावित्रम्मा : काय?

बुद्धप्रिया : तुमच्या तोंडावर हात. घरी ठेवता तसा.

सिद्धाप्पा : पाव...णे. लई.

बुद्धप्रिया : पाहुणे लई आलेत. खरंच काका, हॉल भरलाय. मागं लोक उभे आहेत.

सावित्रम्मा : आता ते मला कसं कळणार. 'पा' म्हटल्यावर मी काय पावणे आणून देऊ?

बुद्धप्रिया : काही आणायचं नाही. थांबायचं. मागच्या पावसाळ्यात 'पा' म्हणाले तेव्हा तुम्ही पाण्याचा तांब्या दिलात, पायाला तेल लावलंत, पापड भाजलात. काकांना फक्त पाऊस म्हणायचं होतं.

सिद्धाप्पा : पापड... खाल्ला.

सावित्रम्मा : खाल्लाच की. दोन खाल्ले. आन मॅडम, तुमी मागं बघू नका, पण ह्यांचा जुना दोस्त बिरुदेव आलाय. एकटा न्हाय. मार्केट यार्डातली सगळी पलटण घेऊन आलाय. हमाल, व्यापारी, ते आमच्या वळसंगचे कांदेवाले पण.

बुद्धप्रिया : आले तर चांगलंच आहे.

सावित्रम्मा : काय चांगलं? पाडव्याला काय झालं ते तुमाला म्हाईत हाय.

बुद्धप्रिया : ऐकलंय.

सावित्रम्मा : ऐकणं येगळं. मी बघितलंय. जन्म गेला ह्यांचा कांद्याचा लिलाव पुकारण्यात. हे पुकारायला लागले की गेटावरचा चहावाला दर सांगायचा लोकांना, एवढा आवाज. अर्धांगाचा झटका आल्यावर पयल्यांदाच यार्डात नेलं त्या दिवशी. आडतीवर पूजा हुती, स्वामी आलते. मालकांनी हौसेनं म्हटलं, सिद्धाप्पा, एक पुकारा होऊ दे. हे उभं राहिले, छाती भरून श्वास घेतला, आन तोंडातनं काय आलं?

सिद्धाप्पा : शिवी.

सावित्रम्मा : तीच. स्वामींच्या तोंडावर. पोरं हसली. वाईट मनानं न्हाय हसली, पण हसली. त्या दिवसापासनं ह्या माणसानं उंबरा ओलांडला न्हाय. देवळात न्हाय, लग्नात न्हाय. बिरुदेव आला की आत जाऊन झोपायचं सोंग.

बुद्धप्रिया : त्यात काकांची चूक नव्हती. झटक्यानंतर होतं असं. ठरवून बोलायला जावं तर अडतं, आणि तोंडात आपोआप बसलेलं असतं ते सुटतं. आकडे, देवाचं नाव, शिवी.

सावित्रम्मा : देवाचं नाव सुटलं असतं तर घराण्याचं नाव झालं असतं. ह्यांच्या तोंडात शिवीच बसलेली, तिला कोण काय करणार.

सिद्धाप्पा : खरं.

सावित्रम्मा : हसताय काय? आमच्या पोराचा, सिद्धलिंगचा, सकाळी पुण्यास्नं फोन आलता. म्हणला, घरातल्या घरात म्हणू दे की कविता, चारचौघात कशाला. परत लोक हसले तर ते उठायचे न्हाईत त्यातनं. पोरगं खोटं बोलत न्हाय, मॅडम. मला पण तेच वाटतंय.

बुद्धप्रिया : काका, तुम्हीच सांगा. नाव काढून टाकू का? अजून वेळ आहे.

सिद्धाप्पा : न्हाय.

बुद्धप्रिया : नक्की?

सिद्धाप्पा : मी. जाणार. तितं.

सावित्रम्मा : बघा. आता ऐकत न्हाईत. लग्नात पण असंच...

बुद्धप्रिया : काकू, एक शब्द द्या मला. तिथं काका अडकले तरी खालून तुम्ही ओळ सांगायची नाही.

सावित्रम्मा : आन आडकून उभेच राहिले तर?

बुद्धप्रिया : तर उभे राहतील. पण तुम्ही सांगितलीत तर ती ओळ तुमची होईल. हे सगळे लोक घरी जाऊन म्हणतील, सिद्धाप्पाची बायको छान बोलते. मग काका पुन्हा आत जाऊन झोपतील.

सावित्रम्मा : मला वाईट वाटतंय हो त्यांना असं चाचपडताना बघून. माणूस अंधारात चप्पल शोधायला लागला तर आपण पुढं सरकवत न्हाय का?

बुद्धप्रिया : सरकवतो. पण त्यांची पहिली कविता तुम्ही अशीच सरकवलीत, आठवतंय?

सावित्रम्मा : ते काडू नका आता.

बुद्धप्रिया : काका, तुम्ही काय म्हणाला होता त्या दिवशी?

सिद्धाप्पा : थंडी.
चहा.
सावित्री.

सावित्रम्मा : तर? थंडी हाय, चहा म्हटलंय, माझं नाव घेतलंय. कुटल्याही बाईनं काय केलं असतं? आलं घालून चहा आणला मी. ह्यांनी कप बाजूला सारला. परत तेच, थंडी, चहा, सावित्री. मला वाटलं साखर कमी झाली. साखर घालून आणला. परत बाजूला.

बुद्धप्रिया : आणि मी आले तेव्हा तीन कप मांडलेले, तुम्ही रडताय आणि काका भिंतीकडे तोंड करून बसलेत.

सावित्रम्मा : मला काय म्हाईत, माझ्यावर कविता झाली म्हणून. तुमी फळ्यावर लिवून दाखवलंत तवा कळलं. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्यावर कधी कौतुकाचं वाक्य बोललं न्हवतं. बोलता येत हुतं तवा सगळं बोलणं कांद्याला दिलं.

बुद्धप्रिया : मला तर तेव्हाच वाटलं, हेच पाहिजे. मोठं वाक्य जमत नाही ना, नको. तीन छोटे तुकडे तर जमतात. आणि काकांचे तुकडे असे की त्यात एक शब्द जास्त नाही. आम्ही हायकूवाले वर्षानुवर्षं शब्द काढून टाकायला शिकतोय.

सिद्धाप्पा : नाव. माझं.

सावित्रम्मा : व्हय व्हय, माइकवाल्यानं नाव घेतलं. अय्यो. उठा. हळू. काठी डाव्या हातात घ्या. टोपी सरळ करते, थांबा.

सिद्धाप्पा : साक.

सावित्रम्मा : साक म्हणतेत. पुरे म्हणतेत मला कानडीत. राग आला की कानडी.

(सिद्धाप्पा काठी टेकत मंचावर जातात. सावित्रम्मा आणि बुद्धप्रिया पहिल्या रांगेत, हलक्या आवाजात बोलत.)

बुद्धप्रिया : श्वास घ्या काकू. तुम्ही घ्या, ते घेतायत.

सावित्रम्मा : माइक खाली करा म्हणावं की त्याला. दिसतंय का, तोंडाला पुरंना.

बुद्धप्रिया : करतोय तो. झालं. श्श.

सिद्धाप्पा : येळ... अमावस्या.

सावित्रम्मा : आली. पयली आली.

बुद्धप्रिया : श्श.

सिद्धाप्पा : अप्पाच्या. हातात. आंबील.

सावित्रम्मा : दुसरी पण आली. वळसंगच्या शेतातलं हाय ते, मॅडम. येळ अमावस्येला, शेताच्या पूजेला, सासरे म्हणजे ह्यांचे अप्पा उभ्या ज्वारीत फिरून आंबील शिंपडायचे, आन हे लहान असताना त्यांच्या...

बुद्धप्रिया : काकू, थांबले ते.

सावित्रम्मा : व्हय.

बुद्धप्रिया : खूप वेळ झाला.

सावित्रम्मा : तिसरी म्हाईत हाय मला. ओठावर हाय माझ्या. सांगू?

बुद्धप्रिया : नको. थांबा जरा. अजून जरा. तो निवेदक उठला. टाळ्या वाजवायला लावणार तो, संपलं म्हणून. छे, मीच जाते वर.

सावित्रम्मा : बसा.

बुद्धप्रिया : अहो, अडकलेत ते. घाम आलाय त्यांना.

सावित्रम्मा : बसा म्हणते की. हात बघा त्यांचा.

बुद्धप्रिया : कुठला हात?

सावित्रम्मा : डावा. काठी काखेत मारली आन पंजा वर धरलाय. नजर बघा, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत फिरायली. हे आडकणं न्हाय, मॅडम. आडकल्यावर खाली बघतेत हे.

बुद्धप्रिया : मग काय आहे?

सावित्रम्मा : लिलाव हाय. एक वार म्हणायचं, दोन वार म्हणायचं, आन मग हात वर धरून थांबायचं. कुणाला बोली वाढवायची असंल तर वाढवा. सगळं यार्ड गप व्हायचं त्या टायमाला. तिसरा वार म्हटला की माल गेला, मग काय उपयोग. बिरुदेवला बघा. उभा राहिलाय. कळलंय त्याला. त्यानं त्या निवेदकाला हातानंच बसवलं.

बुद्धप्रिया : मागची सगळी माणसं उभी राहिली काकू.

सावित्रम्मा : राहणारच की. आता गप बसा तुमी.

सिद्धाप्पा : माझ्या. हातात... अप्पा.

बुद्धप्रिया : आली.

सावित्रम्मा : आली. कुणी सांगितली न्हाय. मी न्हाय सांगितली, तुमी साक्षीला हाव.

बुद्धप्रिया : नाही सांगितलीत.

सावित्रम्मा : बोट धरून चालायचे सासऱ्यांचं. एका हातात आंबील, दुसऱ्याचं बोट ह्यांच्याकडं. बाई बाई, टाळ्या तरी किती. तुमी रडू नका, मॅडम. तुमी रडला तर मला रडता यायचं न्हाय.

बुद्धप्रिया : मागून ओरडतायत बघा, आणखी एक, आणखी एक.

सावित्रम्मा : एकच बसवलंय की. दुसरं कुटनं आणणार? उतरा म्हणावं आता. जिंकलंय तवर उतरा.

बुद्धप्रिया : उतरत नाहीत. माइक धरलाय.

सिद्धाप्पा : उन्हाची. दुपार.

सावित्रम्मा : हे कुटलं? हे तुमी शिकवलंय?

बुद्धप्रिया : नाही. मी पहिल्यांदाच ऐकतेय.

सिद्धाप्पा : माझं. वाक्य.

बुद्धप्रिया : आता मी काही बोलत नाही. हात वर आहे.

सिद्धाप्पा : तिच्या... तोंडी.

बुद्धप्रिया : काकू. अहो काकू, तुमच्याकडे बोट दाखवतायत. सगळा हॉल हसतोय. ह्या वेळी त्यांनीच हसवलंय. बिरुदेव बघा, टोपी उडवतोय वर. उभ्या राहा ना जरा, लोक बघतायत तुमच्याकडं.

(सावित्रम्मा उठत नाहीत, मान खाली घालतात.)

बुद्धप्रिया : या काका, या. हळू, पायरी आहे. कधी केलात हा?

सिद्धाप्पा : घरात. गपचिप.

बुद्धप्रिया : मला म्हणून नाही दाखवलात?

सिद्धाप्पा : हिनं... पुरा... केला असता.

बुद्धप्रिया : केलाच असता. बसा. सगळे येतायत भेटायला. तिकडून ते अध्यक्ष येतायत, मासिकाच्या पुढच्या अंकात दोन्ही हायकू घ्यायचे म्हणतायत. बिरुदेवदादा, जरा दम धरा, बसू दे त्यांना. हो, हो, पुढच्या सोमवारी यार्डात आणते मी स्वतः. काका, जायचं ना यार्डात?

सिद्धाप्पा : जायचं.

बुद्धप्रिया : पुकारा करणार?

सिद्धाप्पा : तीन. ओळी.

बुद्धप्रिया : तीन ओळी पुरे झाल्या. काकू, ऐकलंत का? काकू?

सिद्धाप्पा : सावित्री.

बुद्धप्रिया : रागावल्या की काय? काका, तुम्ही पण ना. चारचौघात चेष्टा केलीत त्यांची.

सावित्रम्मा : राग न्हाय आला. खरंच तर हाय. तुमी किती दिवस सांगायलाव, तोंडावर हात ठेवा. आज त्यांनी सांगितलं, आन ते पण सगळ्या सोलापुरापुढं. कळलं मला. आता न्हाय बोलायची मी मधी.

बुद्धप्रिया : अहो, तसं नाही म्हणाले ते.

सावित्रम्मा : तसंच म्हणले. आन बरोबर म्हणले. त्यांचा आवाज परत आलाय, मॅडम. माझ्या आवाजाची काय गरज हाय आता. मी बसते गप. पाणी लागलं तर बाटली पिशवीत हाय.

सिद्धाप्पा : न्हाय.

सावित्रम्मा : पाणी न्हाय, बरं.

सिद्धाप्पा : झटका. आला. तवा. सगळं... गप. डोकं गप. फकस्त. तुझा. आवाज.

बुद्धप्रिया : मी जरा चहाचं बघून येते.

सिद्धाप्पा : सावित्री.

सावित्रम्मा : ऐकते की. तोंडावर हात ठेवलाय, दिसंना का.

सिद्धाप्पा : काड. हात.

सावित्रम्मा : काडला. मग?

सिद्धाप्पा : तू बोल. मी ऐकतो.