शेवटची बावीस मिनिटं

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे नगरपालिकेचे पाहुणे, ध्वनिमुद्रिकेचे प्रकाशक, आमची ब्रोन्या, आणि एवढ्या गारठ्यात ग्दान्स्कच्या या गोदीपर्यंत पायपीट करून आलेल्या रसिकहो,

लुत्स्यान ओलेख्नोच्या, म्हणजे आमच्या लुत्सेकच्या, क्लॅरिनेटला आज आपण निरोप देतो आहोत. त्याच्या शेजारी चाळीस वर्षं मी ड्रम बडवले, म्हणून बोलायचा मान माझा. तो स्वतः बायकोसह, म्हणजे ब्रोन्यासह, पहिल्या रांगेत बसलाय. बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. तेव्हा खोटं बोलायची सोय नाही.

आमच्या पहिल्या कार्यक्रमाला अकरा श्रोते. त्यातला एक हीटर दुरुस्त करायला आलेला. स्वरलिपी नाही, ठरलेला ताल नाही, सराव तर नाहीच. ब्रोन्यानं तेव्हाच विचारलं होतं, "काय रे, तुमचं बिघडलं तर लोकांना कळणार कसं?"

लुत्सेक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बिघडतच नाही गं! माझा सूर घसरला की यानं तोच उचलायचा आणि पुढे न्यायचा. थांबायचं नाही, बस्स!"

आम्ही खूप हसलो. पुढे तोच आमचा धर्म झाला. त्यापायी त्यानं ऑपेराच्या वाद्यवृंदातली कायमची नोकरी सोडली. ब्रोन्या मला म्हणायची, "तुम्हा दोघांच्या नादानं जन्म बटाट्याच्या सुपावर गेला माझा." असो.

गेल्या ऑक्टोबरात, रविवारी दुपारी, याच मंचावर त्याचा सूर फाटला. उजव्या हाताची बोटं भोकांवरून घसरू लागली. मी मनात म्हटलं, वा रे म्हाताऱ्या, अजून नवं काढतोस! आणि ते फाटणं मी ड्रमवर उचललं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, खूश झालाय. मी आणखी चढवलं.

तिसऱ्या रांगेतून ब्रोन्या ओरडली, "अरे थांबवा! त्याला काहीतरी होतंय!" राग मानू नका रसिकहो, पण तुम्हीच तिला गप्प केलंत. बावीस मिनिटांनी तो खुर्चीवरून कोसळला, तेव्हा हे सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

मेंदूत गुठळी होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं असतं तर हात वाचला असता. वाचाही.

आणि आज त्याच दुपारची ध्वनिमुद्रिका निघते आहे. समीक्षक म्हणतात, हे त्याच्या कलेचं शिखर! प्रकाशकांचा हेतू चांगलाच आहे, पण हात जोडून सांगतो, त्याच्यासमोर ती लावू नका. मी तिच्यात मदतीची हाक ऐकतो, आणि तिच्यावर माझाच ड्रम.

संयोजकांचे आभार. बाहेर हेरिंग मासे आणि गरम सूप मांडलंय, घेतल्याशिवाय जाऊ नका. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. पण त्या बावीस मिनिटांची माफी सभेकडे मागून काय उपयोग? लुत्सेक, ती तुझ्याकडे मागतो.

त्यानं मान हलवली, पाहिलंत?

ब्रोन्या म्हणते, हल्ली ती आपोआपच हलते. नमस्कार.