राखडी कोण बांधणार

हॅलो? … हां बा, तोरलच बोलतेय. … बॅग भरतेय. उद्या सकाळच्या बोटीने घोघ्याला उतरते, भाईला म्हणावं न्यायला ये… अगं ऐक ना, भाभीच्या सातव्या महिन्याच्या सीमंताची राखडी झाली तयार. रेशमाचा दोरा, कवडी, लोखंडाची कडी, सगळं ओवलंय. फक्त तिच्या मनगटाचं माप जरा…

काय? … परत बोल.

जिगीशा? मासीची जिगीशा कशाला बांधेल? राखडी नणंद बांधते, बा. सख्खी नणंद आहे ना मी, जिवंत आहे अजून. … हो, हो, तिला दोन मुलगे आहेत, ठाऊक आहे मला. … कोण म्हणालं, काकी? आणि तू काय म्हणालीस? … 'बरं'? नुसतं 'बरं'? आई ना तू माझी?

नाही, रडत नाहीये. किळस येतेय मला. … जपून बोलू? तू बोललीस का जपून?

माझं तिसऱ्या महिन्यात गेलं, तेव्हा पिशवी साफ करायला कुठे नेलंस, आठवतं? … मोठ्या दवाखान्यात लोक बघतील, म्हणून तुझ्या ओळखीच्या त्या नर्सबाईच्या खोलीवर. करपलेलं पातेलं खरवडावं तसं खरवडलं तिने. आतून सगळं चिकटून बसलं. चार वर्षं पाळी धड आली नाही… आणि तू गावभर काय सांगितलंस? तोरलच्या पत्रिकेत दोष आहे.

होळीनंतर दुर्बिणीतून ते कापलं, परत चिकटू नये म्हणून आत फुगा ठेवला होता. आलीस का तू? … हां, भाईच्या सासरी लग्न होतं.

परवा गेले होते ना तपासायला. … काय म्हणणार डॉक्टरीणबाई…

दिवस राहिलेत म्हणाल्या. दीड महिना झाला.

हो. … हो बा, खरंच. … अगं हळू, कान फुटेल माझा. … नको, भाईला इथे सुरतेला कशाला धाडतेस… जिगीशाचं काय मग? … 'ती कोण लागून गेली'? … हां. मीच बांधायची. माझ्या हाताला गुण आहे. … काकीला आत्ता सांगतेस? थांब जरा.

थांब म्हणते ना, बा. दिवसबिवस काही राहिले नाहीत. चिकटलेलं सुटलंय, आता प्रयत्न करा, एवढंच म्हणाल्या त्या. होईल की नाही, त्यांनाही सांगता येत नाही.

… हो, खोटं बोलले. माझा हात चांगला व्हायला किती वेळ लागतो, ते बघायचं होतं. मिनिटही लागलं नाही तुला.

… येणार ना. भाभीने स्वतः फोन केला होता मला, तिला माझ्याच हातची हवीय. काकीसमोर बांधीन. आणि कुणी माझ्या पत्रिकेचं काढलं, तर पिशवी कशाने चिकटली ते तू सांगायचंस. मी नाही, तू. …

सांगशील? … बा? …

हॅलो?

… ठेवला.