बापाचं नाव

आमचे हे तेव्हा पुण्याला मेंदूच्या आयसीयूचं शिक्षण घेत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच वेल्ह्याला, ह्यांच्या गावी आलो आणि सासूबाई ओसरीवर घसरून डोक्यावर आपटल्या. ह्यांनी लगेच त्यांची शुद्ध तपासायला घेतली. सासरे शेजारीच बसलेले.

"आई, तुझं नाव?" सांगितलं.

"गाव?" तेही सांगितलं.

"बाबांचं नाव?"

सासूबाई गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. ह्यांचा चेहरा उतरला. "मेंदूला मार दिसतोय. जीप बोलवा, पुण्याला हलवू."

मी हळूच म्हटलं, "अहो, त्या कधी घेतात का त्यांचं नाव?"

सासूबाईंनी पदर सावरला. "माजी शुद्ध हाय जाग्यावर. ह्यो येवढा शिकला, आन् बाप म्होरं बसलेला असताना आईला इचारतोय, बाप कोन."