अंजिराखालचा भुसा

खतांच्या दुकानात सून खराटा निवडत होती. गल्ल्यापाशी सासरे दुकानदाराशी बोलत होते.

"अंजीर वाळत चाललंय. खोडाला भोकं पडलीत."

"भुंगेऱ्याची अळी असणार. खाली भुसा पडतो का?"

"छे. सून दोनदा झाडते, अंगण आरशासारखं ठेवते. भुसा तिच्या नजरेतून सुटायचा नाही."

दुकानदारानं मागच्या फळीवरून औषधाची बाटली काढली.

"तारेनं अळी काढा, भोकात औषधाचा बोळा घाला, वर चिखल लिंपा. आणि काका, आठवडाभर झाडाखाली झाडू नका. ताजा भुसा दिसला, तर अळी जिवंत आहे समजा."

सासऱ्यांनी बाटली पिशवीत टाकली.

"मीच सांगितलं होतं तिला, रोज झाडत जा म्हणून."

त्यांनी असं कधीच सांगितलं नव्हतं. सुनेनं खराटा गुपचूप जागेवर ठेवला.