कोपरा उडालेली काच

(मल्लेश्वरम, १९५९. फोटोग्राफर जयसिंगरावांचं घर. खिडकीशी टेबलावर काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या. मुलगी हेमलता एकेक काच उजेडाला धरून बघते आहे. जयसिंगरावांची थोरली बहीण सोयराबाई जमिनीवर वाती वळत बसली आहे.)

हेमलता : हीसुद्धा पाठमोरीच, अण्णा.

जयसिंगराव : नीट धर. उलटसुलट करून बघ.

हेमलता : बघितली. हेसरघट्ट्याचं तळं, वर ढगच ढग, आणि काठावर एवढीशी आई. पाठ इकडे. पाकिटावर लिहिलंय, ‘कार्तिक, १९५४. सव्वापाच. उत्तरेला पाऊस, ऊन डावीकडून.’

सोयराबाई : आणि अनुसूया कुठनं? तिचं नाव नाही?

जयसिंगराव : अक्का, ती उजेडाची नोंद असते.

सोयराबाई : मग परवा तेराव्याला चौरंगावर काय ठेवू, उजेड? सगळी माणसं येणार. फोटोवाल्याच्या बायकोचाच फोटो नाही म्हटल्यावर लोक तोंडात शेण घालतील.

हेमलता : लग्नातला एक होता ना?

सोयराबाई : त्यात मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. नाकसुद्धा दिसत नाही. मी सांगते ते ऐका. चिकपेटेत एक जण चेहरे रंगवून देतो. हेमीला त्याच्यासमोर बसवू. कपाळ, जिवणी आईचीच आहे. डोळे तेवढे स्वल्प मोठे करायला सांगू.

हेमलता : म्हणजे माझ्या तोंडाला हार घालणार, आत्याबाई?

सोयराबाई : शिव शिव! मग तूच सांग बाई काय करायचं.

हेमलता : तीस वर्षं, अण्णा. दर शरदात आभाळ बघायला तिला घेऊन हिंडलात. तिनं स्टँड उचलायचा, डबा उचलायचा. पांढरं लुगडं नको, आभाळाशी भांडतं, म्हणून तिला गडदच नेसायला लावायचात. एकदाही ‘इकडे बघ’ म्हणाला नाहीत?

जयसिंगराव : मापाला माणूस लागतं गं. झाड केवढं, आभाळ केवढं, ते त्याशिवाय कळत नाही. आणि चेहरा दिसला की बघणारा चेहराच बघत बसतो.

सोयराबाई : काठी रोवायची होतीस तिथं.

जयसिंगराव : काठी बोलली नसती. ढग सरकायला दोन-दोन तास लागायचे, अक्का. ती तशीच पाठमोरी उभी राहून बोलायची. हेमीचं बाळंतपण, तुझे गुडघे, नळाला पाणी नाही. मी काळ्या फडक्याखाली हं हं करायचो.

सोयराबाई : हं हं करण्यातच गेलं तुझं सगळं.

जयसिंगराव : त्या कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर. गेले अकरा दिवस डोळे मिटले की ती तशीच दिसते. सुलटा चेहरा समोर येतच नाही. सांगायलाही लाज वाटते मला.

हेमलता : अण्णा, असं नका करू. आठवून बघा. एकदा तरी वळली असेल.

जयसिंगराव : वळली होती.

सोयराबाई : मग इतका वेळ तोंड शिवून का बसलास?

जयसिंगराव : दोन वर्षांमागं, आनेकलच्या पुढं. रागी कापणीला आलेली. पहिल्या बसनं गेलो आणि चार वाजेपर्यंत आभाळ नुसतं राखाडी. दोन प्लेटी फुकट गेल्या, एकच उरली. मग समोर पूर्वेला काळंकुट्ट झालं आणि माझ्या पाठीमागनं, ढगाखालनं ऊन आलं. सगळं शेत तांबूस. असा उजेड मी जन्मात बघितला नव्हता. शटर दाबलं आणि त्याच घडीला ती वळली. ‘अहो, आला बघा उजेड!’ मला सांगायला.

हेमलता : चेहरा आला?

जयसिंगराव : लख्ख. हसत होती.

हेमलता : मग कुठाय ती?

जयसिंगराव : ओरडलो मी तिच्यावर. शेवटची प्लेट, वळलीस कशाला म्हणून. प्लेटीचा डबा असा आपटला की आत काचेचा कोपरा उडाला. बसमध्ये तिच्याशी बोललो नाही. घरी येऊन डेव्हलप केली आणि पाकिटावर लिहिलं, ‘वाया’.

सोयराबाई : अरे देवा. वाया गेलेल्या काचा तर तीच धुवायची ना रे?

जयसिंगराव : तीच. गरम पाणी, धुण्याचा सोडा. खरवडून, पुसून ठेवायची. तसबिरींना होतात म्हणून. ही घेऊन मला विचारायला आली होती. उजेडाला धरून उभी होती बराच वेळ. म्हणाली, ‘ही पण?’

हेमलता : तुम्ही काय म्हणालात?

जयसिंगराव : मी मान वर केली नाही. ‘वाया लिहिलंय ना?’ म्हणालो.

सोयराबाई : आणि गेली बिचारी पाणी तापवायला. जयसिंगा, काय केलंस रे हे?

हेमलता : कोपरा कुठला उडाला होता, अण्णा?

जयसिंगराव : खालचा डावा. का?

हेमलता : देव्हाऱ्यातल्या भवानीच्या तसबिरीला तिथंच काच कमी आहे. आई मेण लावायची. थांबा, आणते.

सोयराबाई : सांभाळून गं. घाई नको.

हेमलता : हीच का?

जयसिंगराव : हीच.

सोयराबाई : काढ बाहेर. धरून बघ उजेडाला. काही राहिलंय का बघ, थोडं तरी.

हेमलता : काही नाही, आत्याबाई. पलीकडची झाडं दिसतायत.

जयसिंगराव : हेमे, हेसरघट्ट्याचा याच मापाचा छापलेला फोटो बाहेर काढ. पाठमोरी तर पाठमोरी. त्याच्यावर ही काच बसव.

सोयराबाई : लोक विचारतील, तोंड कुठाय.

जयसिंगराव : विचारू देत. मी तिथंच बसलेला असेन. काय झालं ते सांगेन.

सोयराबाई : सरी, तसंच करू. देवीला दुसरी काच आणू.

हेमलता : धूळ बसलीय हिच्यावर. पुसून घेऊ?

जयसिंगराव : नको. तिनं पुसलेली आहे.