आव्वाचं ताट

मी मूळचा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. दोन खोल्यांचं घर, फुडं तालीम, मागं तालीम, आणि मधी आमचा बा सायकलींची पंक्चरं काढत बसलेला. बाची लई इच्छा, पोरानं फुटबॉलमधी नाव काढावं. काढलं की मी नाव, पण कसं त्ये ऐका. मला गोलात उभा केलेला, पेठेची इज्जत पणाला लागलेली, आणि मैदानाच्या कडंला कुणीतरी कांदाभजी तळत हुता. ह्यो तेल जाळाय लागलाय, जाळ कमी कर म्हणावं, म्हणून मी मान वळवली आणि बॉल माझ्या कानाजवळनं आत. पेठेत तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाय. कप्तान म्हणला, दत्त्या, तुझं ध्यान गोलात न्हाय, चुलीत हाय, उद्यापास्नं पोरांचा रस्सा तू करायचा. शिक्षा म्हणून दिलं आणि जल्माची भाकरी झाली बघा.

फुडं कुणाच्या तरी ओळखीनं मला सदनात चिकटवलं. सदन म्हंजे निराधार पोरांचं, गावाच्या कडंला, सरकारी अनुदानावर चालणारं. त्याच आवारात बालवाडी, आणि मागच्या खोलीत ज्येंचं कोण न्हाय अशा म्हाताऱ्या. सगळ्यांचा सैपाक एका चुलीवर आणि त्या चुलीवर मी. धान्य सरकारातनं यायचं, परदेशातनं आलेला गव्हाचा रवा, दुधाची पावडर, तेलाचं डबं. पैल्या दिवशी ती पावडर मी कढत पाण्यात एकदम वतली, आणि अशा गाठी झाल्या काय सांगू तुम्हाला, पोरं त्या गाठी काढून गोट्या खेळाय लागली. मग उप्पीट अळणी लागतंय म्हणून घरची कांदा-लसणाची चटणी सढळ हातानं घातली. मोठ्या बाई, म्हंजे सदन चालवणाऱ्या, शिस्तीच्या आणि शुद्ध बोलणाऱ्या, त्यांनी एक घास घेतला, तांब्याभर पाणी प्याल्या आणि म्हणल्या, दत्तू, ही बालवाडी आहे, मिसळीचं दुकान नाही. पण काढलं न्हाय मला. पोरांनी ताटं चाटून ठेवली हुती न्हवं.

तर असा मी. शहाणपणा कराय जावं आणि भलतंच काहीतरी व्हावं, ही माझी रीत. लोकं विचारत्यात, दत्तूमामा, एवढं आयुष्य त्या जुन्या आवारात काढलंसा, भूत बघितलंसा का कधी? बघितलं न्हाय, मी म्हणतो. जेवाय वाढलंय.

हसू नगा. त्या पावसाळ्यात कृष्णेला असं पाणी आलं की शिरोळकडची गावं पाण्यात गेली. ट्रक भरभरून माणसं कोल्हापुरात आली, शाळांतनं, देवळांतनं उतरली, आणि ज्या पोरांसंगं कोण न्हवतं ती आमच्याकडं धाडली. त्यात एक निंगी. बालवाडीच्या वयाची, परकर चिखलानं पापडासारखा कडक झालेला. पंगतीत बसवली, उप्पीट वाढलं, तर हात लावंना. मी माकडासारखं तोंड करून दाखवलं, पळी डोक्यावर ठेवून नाचलो, बाकीची पोरं लोळली हसून, ही आपली दाराकडं बघत बसलेली. पंगत उठली, ताट हाय तसं. रात्रीचं बी तसंच, दुसऱ्या दिवशी बी तसंच.

शेवटी बोलली त्ये एवढंच, आव्वा आली न्हाय अजून. तिकडं कानडी मुलखाकडं आजीला आव्वा म्हणत्यात. मग तिच्यासंगं आलेल्या माणसांनी सांगितलं, पोरीचं आईबाप आधीच गेलेलं, आजीनं वाढवलेली. होडी आली तवा दोघी छपरावर हुत्या आणि होडीत जागा एकाचीच. म्हातारीनं पोरगी उचलून दिली आणि वरडून म्हणली, तू फुडं हो, ताटावर बस, मी आलोच. तिकडं बाया अशाच बोलत्यात, मी आलो, मी जातो. होडी परत गेली तवा छप्परच न्हवतं.

आता पोरीला काय, आव्वा शब्दाची पक्की. येतो म्हणली म्हंजे येणार, आणि थोरलं माणूस आल्याबिगर जेवायचं न्हाय ही त्या घरची रीत. पोरीचं डोळं खोल गेलं, हात काटक्यागत झालं. मोठ्या बाई मला म्हणल्या, दत्तू, आज हिच्या पोटात काही गेलं नाही तर मुलगी हातची जाईल.

मग मी माझा शहाणपणा केला. तिच्या शेजारी दुसरं ताट मांडलं आणि म्हणलं, जा, हात धुऊन ये, तंवर आव्वा येती. ती गेली, आणि मी फतकल मारून त्या ताटातलं सगळं गिळलं. एक हिरवी मिरची आलती तोंडात, मला मिरची चावली की उचकी लागती, म्हणून ती तेवढी काढून ताटाच्या कडंला टाकली आणि उठलो. निंगी आली, तसं म्हणलं, अगं जेवून गेली की आव्वा, घाईत हुती, लोकांची सोय बघाय जातो म्हणली. पोरीनं ताटाकडं बघितलं. वाकून बघितलं. मिरची टाकली व्हय, म्हणली. म्हणलं, व्हय. टाकतीयाच ती, म्हणली, आणि पैला घास तोंडात घातला.

मोठ्या बाई दाराआड पदर तोंडाला लावून उभ्या. मला मातूर त्या मिरचीनं घाम फुटला हुता.

मग रोजचंच झालं. निंगी हात धुवाय जायची, मी आव्वा व्हायचो. पोरगी अंगानं भरली आणि तिच्या दुप्पट मी. मागच्या खोलीतल्या तान्याक्का, त्या डोळ्यांनी अधू, त्या म्हणायच्या, दत्तू, तुझं पाऊल जड वाजाय लागलंय, दोघंजण चालल्यागत. एकदा तपासणीला साहेब आले, पोरांच्या पंगतीत बसून जेवणार म्हणले, आणि बसले नेमके त्या ताटावर. निंगी कमरंवर हात ठेवून उभी. उठा की, आव्वाची जागा हाय ती. साहेब गडबडून उठले आणि मला म्हणले, कुठायत त्या? आणि मी गाढव, हात धुवाय गेल्यात, म्हणून मोकळा. साहेब शेवटपर्यंत उभं राहून वाट बघत ऱ्हायले.

हसण्यावारी चाललं हुतं. पण हळूहळू पोरगी मला निरोप सांगाय लागली. मामा, आव्वा म्हणली आज मीठ कमी पडलंय. मी चव घेतली, खरंच मीठ ऱ्हायलेलं. मामा, आव्वा म्हणली तान्याक्काला ताप हाय. जाऊन बघतो तर म्हातारी फणफणलेली. आता लहान पोरं सगळीकडं फिरत्यात, त्येंना कळत असंल. मी माझ्या मनाला असंच सांगायचो. पण त्या ताटावर बसताना मी जरा सरकून बसाय लागलो, खरं सांगतो, कुणाच्या तरी मांडीवर बसल्यागत व्हायचं.

पाणी उतरलं, गावं वर आली, आणि एक दिवस नेसरीचा निंगीचा मामा आला. शेतकरी माणूस, डोक्याला पटका, पायाला भेगा. पोरगी बी गेली म्हणून त्येनं आशा सोडली हुती, कुणीतरी सांगितलं म्हणून धावत आला. मला कडंला घेऊन म्हणला, आव्वा गावली उसाच्या फडात, माती दिली. माझीच आई ती. ह्या पोरीत तिचं नाक हाय बघा. तिला नेतो, माझ्या पोरांत वाढंल.

निंगी त्येला वळखली, गळ्यात पडली, पण चल म्हणल्यावर खांबाला मिठी मारून बसली. मी न्हाय येणार. आव्वा हितं जेवाय येती. ती आली आणि मी नसलो तर?

मामानं माझ्याकडं बघितलं. ती नजर अजून माझ्या अंगावर हाय. मोठ्या बाई म्हणल्या, दत्तू, ही गाठ तू मारलीस, तूच सोडव. ह्या आवारात ती कायमची राहिली तर तिला माणूस असून नसल्यासारखं होईल.

म्हणलं, सोडवतो. आज ताटाला हात लावत न्हाय. ताट भरलेलं बघितलं की पोरीला कळंल, रडंल, मग मामाच्या मांडीवर शांत हुईल. दुपारची पंगत मांडली. आव्वाच्या ताटात उप्पीट वाढलं, वर एक मिरची. निंगी हात धुवाय गेली. मी चुलीकडं तोंड करून उभा ऱ्हायलो. मामा बाहेर पायरीवर, बाई त्येच्याजवळ, पोरं नळावर. निंगीच्या पावलांचा आवाज आला तसा वळलो.

ताट रिकामं. पुसल्यागत. कडंला मिरची.

मी न्हाय खाल्लं. आईशपथ सांगतो, मी न्हाय. कुत्रं म्हणाल तर कुत्रं ताट सरकवतंय, सांडतंय. तान्याक्का म्हणाल तर त्या अंथरुणातनं उठत न्हवत्या. लई जणांनी लई सांगितलं मला, कुणी म्हणलं दत्त्या, तूच सवयीनं खाल्लंस आणि इसरलास. असंल बी. माझ्यासारख्या माणसाचं काय धरता. पण मला उचकी लागली न्हाय, आणि माझं पोट रिकामं हुतं.

निंगी ताटाकडं बघून हसली. बघा, म्हणली पायरीवरच्या मामाला.

मग मला दुसरं सुचलं. मी तिच्याम्होरं उकिडवा बसलो आणि म्हणलं, निंगे, आव्वा हितं येती कशापायी? तू हितं हाईस म्हणून. तू नेसरीला गेलीस तर ती नेसरीला येणार. तुझ्यासंगं शिदोरी देतो, तिच्या वासानं वाट घावंल तिला. पोरगी विचारात पडली. मी सुकडीच्या वड्या केल्या, फडक्यात बांधल्या, आणि बांधता बांधता हातानं सवयीनं चुलीतला एक कोळसा उचलून त्यात टाकला. तुम्हाला ठावं असंल, वाटंनं खायाचं न्यायचं तर आत कोळसा ठेवत्यात, म्हंजे वासानं मागं काय लागत न्हाय.

निंगी किंचाळली. कोळसा घातला! आव्वाला येता येणार न्हाय! गाठोडं हिसकून तिनं सोडलं, कोळसा काढून अंगणात लांब फेकला आणि परत खांबाला मिठी मारली. मी मेलो लाजंनं. तिच्या आव्वाला बोलवाय निघालो आणि दाराला कडी घातली.

आता मामाचा प्रश्न. वाटंत वढा, मसणवट, आणि असलं बिनकोळशाचं गाठोडं घेऊन कोण जाईल? आमच्याकडचा धट्टाकट्टा गडी बी न्हाय म्हणंल. मामानं डोक्यावरचा पटका काढून खांद्यावर टाकला, गाठोडं हातात घेतलं आणि पंगतीच्या त्या रिकाम्या जागंकडं बघून म्हणला, आव्वा, चल गं घरला.

निंगीनं खांब सोडला. मामाचा एक हात धरला, आणि दुसरा हात तसाच बाजूला धरून चालाय लागली, कुणाचं तरी बोट धरल्यागत. एस्टीपर्यंत मी मागनं गेलो. गाडीत बी खिडकीजवळची जागा तिनं मोकळी ठेवली. कंडक्टर सरका म्हणाय आला, मामाचं तोंड बघून परत गेला.

दुसऱ्या दिवशी सवयीनं मी दुसरं ताट मांडलं. वाढलं, आणि चुलीकडं तोंड करून उभा ऱ्हायलो. बराच येळ. वळून बघितलं तर उप्पिटावर माशी बसलेली. संध्याकाळपर्यंत ताट तसंच ऱ्हायलं, वर साय धरल्यागत सुकलं. मोठ्या बाई आल्या, बघितलं, सोताच्या हातानं ताट उचलून नेलं. मी मातूर लई रडलो. कुणासाठी म्हणाल तर मला सांगता यायचं न्हाय.

मामा फुडं एकदा गूळ घेऊन बाजारात आलता तवा भेटला. जेवती का पोरगी, विचारलं. जेवती, म्हणला. पैल्यांदा दोन ताटं मांडायची, आता एकातच जेवत्यात.

जेवत्यात, म्हणला. जेवती न्हाय.

आता माझं वय झालं. पळी सुटली, दात गेलं, सून मऊ भात करून घालती. मरणाचं भ्या न्हाय बघा, एकच वाटतं, वर ती म्हातारी भेटणार. कमरंवर हात ठेवून उभी असणार, माझ्या नावावर जेवलास की रं, म्हणणार. म्हणू दे. मी म्हणीन, आव्वा, जेवलो खरं, पण तुझी पोरगी बी जेवली न्हवं?